एकतीस जणांचं कोपर

देविदास हरिचंद आडे फौजेतून हवालदार होऊन घरी परतला, त्याला दीड वर्ष झालं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगत त्यांचा तांडा आहे, आणि तांड्याकडे वळायच्या फाट्यावर माझं वेल्डिंगचं दुकान. मला सगळे माऊली म्हणतात. देविदास आणि मी एका शाळेत होतो, एका बाकावर नव्हतो. त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळे तो वर्षातले सहा महिने वर्गात नसायचाच. परीक्षेला मात्र यायचा आणि पास व्हायचा.

तो फौजेत काय करत होता हे त्याने मला बऱ्याच उशिरा सांगितलं. जे सांगायचं नव्हतं ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्यातला मधला तुकडा माझ्या दुकानात आणि त्यांच्या रानात घडला, तो मी स्वतः पाहिलेला आहे.

भरतीच्या मैदानात देविदासची उंची जेमतेम बसली होती. मोजणाऱ्याने दोनदा पट्टी लावली आणि मग पुढे ढकललं. पुढे तो पायदळाच्या ज्या तुकडीत गेला, तिचं काम रणगाडे फोडायचं. त्यासाठी माणसाने अंगावर वाहून न्यायची क्षेपणास्त्रं असतात. तो फौजेत लागला तेव्हा ती बाहेरच्या देशांतून आलेली होती. डागल्यावर त्यांच्या मागे बारीक तार उलगडत जायची आणि क्षेपणास्त्र रणगाड्यावर आदळेपर्यंत डागणाऱ्याला निशाणावरून डोळा काढता यायचा नाही. तेवढ्या वेळात समोरच्याने त्याला टिपलं तर संपलं. मग आपल्याकडेच एक नवं बनायला लागलं. डागायच्या आधी दुर्बिणीतून रणगाडा दाखवायचा, क्षेपणास्त्राने तो ओळखून धरला की कळ दाबायची आणि तिथून उठून पळायचं. पुढचं ते आपलं आपण बघणार.

प्रयोगशाळेतल्या लोकांनी ते आधी स्वतः डागून पाहिलं आणि ते बराबर लागलं. त्यानंतर पाळी आली जवानांची. राजस्थानच्या वाळवंटात चाचणी ठरली. ज्यांना उद्या हे वाहायचं आहे त्यांनी ते घेऊन पळायचं, पालथं पडायचं, मांडायचं आणि ठरलेल्या वेळात डागायचं. देविदासची निवड डागणारा म्हणून झाली, कारण तुकडीत त्याचा नेम पहिला होता. तेव्हा तो नाईक होता, हवालदाराच्या एक पायरी खाली.

तो पळाला. सोबत्याने तीन पायांची घोडी वाळूत रोवली, नळी तिच्यावर चढली, देविदास पालथा पडला आणि डोळा दुर्बिणीला लावला. रणगाडा दिसला, धरला गेला, त्याने कळ दाबली. क्षेपणास्त्र सुटलं आणि रणगाड्याच्या उजवीकडे सत्तर-ऐंशी पावलांवर वाळूत घुसलं.

मागे तंबूत साहेब लोक, शास्त्रज्ञ, सगळे बसलेले. कोणी ओरडलं नाही, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास झाला. संध्याकाळी कागदावर लिहिलं गेलं की डागणाऱ्याकडून ऐन वेळी निशाण हललं. मेजरसाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, होतं असं, तुझी सुट्टी शिल्लक आहे, जाऊन ये. पुढच्या यादीत आपलं नाव नसणार हे त्याला तिथेच कळलं.

तो मे महिन्यात घरी आला. मी त्याला फाट्यावर उतरताना पाहिलं. पेटी खांद्यावर घेऊन तो सरळ माझ्या दुकानात आला, पाणी प्याला, आणि घरी जायच्या आधी म्हणाला, "माऊली, मला एक नळी लागती. लांबी मी सांगतो. आत रेती भरून तोंड बंद कर. वजन बराबर पंधरा किलो पायजे."

मी विचारलं कशाला. व्यायामाला, म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि लांबी लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी तो पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन आला. त्यावर त्याने घोडी काढली होती, पाय किती पसरतात, मान किती उंच, आणि डाव्या अंगाला एक खिट्टी. ती खिट्टी आवळली की मान घट्ट, ढिली केली की मान फिरते. जमिनीपासून वीतभर उंच आणि बाहेर दोन बोटं निघालेली. खिट्टीची जागा त्याने तीनदा खोडून काढली होती.

घोडी जुळवायला मला दोन दिवस लागले. रंग म्हणून नुसता रेड ऑक्साईड मारला. तो वाळायच्या आधीच देविदास उचलून घेऊन गेला.

त्यांच्या तीन एकरांतली हळद काढून झाली होती आणि रान नांगरून पडलं होतं. काळ्या मातीची डोक्याएवढी ढेकळं. त्यातून हा माणूस पंधरा किलोची नळी घेऊन सकाळी सात वाजता पळायला लागला. शेवटाला घोडी मांडलेली, तिच्यामागे पडायचं, नळी चढवायची, एका पोकळ पाइपातून समोरच्या बाभळीकडे बघायचं. सुनिता, त्याची बायको, बांधावर मोबाइल धरून वेळ मोजायची. दिवसाला दहा वेळा. तांड्यातली माणसं कालव्यावर थांबून बघायची. कोणी म्हणालं फौजेने काढून टाकलं म्हणून असं करून राहिला. त्याची आई नानीबाई दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी ती सेवालाल महाराजांपुढे दिवा लावून आली आणि मग माझ्या दुकानात येऊन मलाच रागावली, की लेकराच्या डोक्यावर ऊन चढलंय आणि तू त्याला लोखंड बनवून देऊन राहिला.

चौथ्या दिवशी देविदास माझ्याकडे आला आणि त्याने डावा हात पुढे केला. कोपराच्या बाहेरच्या बाजूला पहिल्या दिवशी लागलेला रेड ऑक्साईडचा तांबडा पट्टा अजून होता.

"हे पाह्य," तो म्हणाला. "मला कळलंबी न्हाई. माझं कोपर खिट्टीला लागून राहिलं."

आम्ही दोघं त्या दुपारी रानात गेलो. तो आधी शांतपणे घोडीमागे पडला. कोपर खिट्टीपासून चार बोटं लांब राहिलं. दहा वेळा पडला, दहाही वेळा लांब. मग तो पळून येऊन पडला. दम लागलेला, छाती वरखाली होत होती, डोळा भोकाला लागेपर्यंत अंग पुढे रेटावं लागत होतं. हात आखूड म्हणून कोपर बाहेर फाकलं आणि खिट्टीला घासलं. खिट्टी जरा सरकली आणि घोडीची मान बोटभर फिरली. बोटभरच, पण दोन किलोमीटरवर त्याचं काय होत असेल हे मला त्याच्या तोंडावरून कळलं.

मग तो मला पळवायला लागला. मी पाच फूट दहा इंच. माझं कोपर घोडीच्या मागे पडलं, खिट्टीला शिवलंसुद्धा नाही. तीन वेळा पळून मी बांधावर आडवा झालो आणि सुनिता हसायला लागली. देविदास हसला नाही. माझ्या शेजारी बसून त्याने विचारलं की मोजायची टेप आहे का दुकानात.

त्याला माणसं हवी होती, उंच आणि बुटकी दोन्ही. त्याने तांड्यात शर्यत लावली, नारळाची. नळी घेऊन पळायचं, घोडीमागे पडायचं, पाइपातून बाभळीला बांधलेला लाल फडका दिसला की हात वर करायचा. प्रत्येकाने तीन वेळा. खिट्टीवर मी दर वेळी ओला रंग लावायचो. सुनिता कोपरं तपासायची आणि शाळेच्या वहीत लिहायची: नाव, उंची, हाताची लांबी, लागलं की नाही. तांड्याचा नायक थावरा, पन्नाशीचा माणूस, धोतर खोचून पळाला. आखाडा बाळापूरच्या बाजारातून परतणारे दोघे टेम्पो थांबवून पळाले. बायका लांबून बघत होत्या, तेव्हा सुनिता म्हणाली, आमी काय नुसतं लिहायलाच का, आणि वही माझ्या हातात देऊन स्वतः पळाली. तिच्या मागून आणखी सहा जणी. शेवटी नानीबाईने पदर खोचला. पळायला तिला आम्ही दिलं नाही, तर ती चालत गेली, घोडीमागे झोपली आणि म्हणाली की इथं हात ठेवायला जागाच न्हाई.

तो आठवडा संपला तेव्हा वहीत एकतीस नावं होती. साडेपाच फुटांच्या आतले एकोणीस, त्यातल्या चौदा जणांचं कोपर तांबडं. वरचे बारा, त्यात एकाचं. कोपराचा रंग काढायला माझ्या दुकानातल्या थिनरच्या दोन बाटल्या संपल्या.

लोकांना वाटलं, आता हा नारळ फोडेल आणि गप्प बसेल. पण देविदास वही पुढ्यात घेऊन बसून राहायचा. एकदा तो मला म्हणाला की आमच्या फौजेत मणिपूरचे, गढवालचे, नेपाळकडचे कितीतरी जवान माझ्याहून बुटके आहेत. चाचणीला बहुतेक उंच माणसं आणतात, बसून आरामात मांडतात, तेव्हा काहीच दिसत नाही. हे उद्या त्या बुटक्यांच्या हातात जाईल.

तोवर हे काय आहे याचा अंदाज मला आला होता, पण मी तो तोंडावर येऊ दिला नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या अंगणात होतो. सुनिता त्याची पेटी भरत होती. वही हातात घेऊन ती थांबली.

"ही दाखवली तर तुमच्यावर येईल न?" तिने विचारलं. "घरी असलं बनवलं म्हणून?"

"येईल," देविदास म्हणाला.

"मग नुसतं तोंडानं सांगा. माझ्या ध्यानात आलं म्हणून."

त्याने वहीच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "तोंडानं सांगितलं तर ते माझं एकट्याचं रडगाणं होईल. नेम चुकलेला माणूस दुसरं काय सांगणार? वहीत एकतीस माणसं हायेत."

सुनिताने वही कपड्यांच्या मधोमध ठेवली आणि पेटी लावली.

पुढचं मी ऐकलेलं. मेजरसाहेबांनी वही चाळली आणि दार लावून घेतलं. ते त्याला चांगलं मानत होते. त्यांनीही तेच सुचवलं जे सुनिताने सुचवलं होतं: खिट्टीचं सांग, वहीचं सांगू नकोस. देविदास म्हणाला, साहेब, त्यांनी विचारलं की तुला कसं माहीत, तर मी काय खोटं बोलू? मेजरसाहेबांनी त्याला पंधरा दिवसांनी बैठकीत उभं केलं.

तिथे प्रयोगशाळेच्या एक बाई होत्या. घोडीचं काम त्यांच्याकडे होतं. देविदास त्यांना मॅडमच म्हणतो, नाव सांगत नाही. त्याने बोलायला सुरुवात केली तेव्हा एका अधिकाऱ्याने मध्येच थांबवून विचारलं की आपली चूक यंत्रावर ढकलायला आला आहेस का. देविदास म्हणाला की चूक माझीच असेल तर तीही दिसेल, मला फक्त पळू द्या. मॅडमनी खरी घोडी आणायला सांगितली. बाहेरच्या पटांगणात तो चार वेळा पळाला आणि खोलीत येऊन फरशीवर पालथा पडला. खिट्टीला त्यांनी खडू लावला होता. चारपैकी तीन वेळा त्याचं कोपर पांढरं झालं. मॅडम त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, हे तुमच्या एकट्याचं होतं की सगळ्यांचं? देविदासने वही काढून दिली.

त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली. सुनिताचं अक्षर मोठं आणि स्वच्छ आहे. वाचून झाल्यावर त्यांनी चाचणीच्या दिवसाच्या नोंदी मागवल्या. निशाण धरल्यानंतर, कळ दाबण्याच्या किंचित आधी, घोडीच्या मानेला एक बारीक झटका बसलेला त्यात दिसत होता. आधी सगळ्यांनी तो हात थरथरल्याचा मानला होता.

चूक त्याची नव्हती हे त्या दिवशी ठरलं. आणि त्याच दिवशी त्याच्यावर चौकशीही बसली.

एका दुपारी साध्या कपड्यातली दोन माणसं माझ्या दुकानात आली. नीट बोलली, चहा प्याली. नळी कुठे आहे, घोडी कुठे आहे, कोणाच्या सांगण्यावरून बनवली, फोटो कोणी काढले. मी म्हणालो, मला व्यायामाला म्हणून सांगितलं होतं, फोटो कोणी काढला नाही. किती जणांनी पाहिलं असं विचारल्यावर मी सांगितलं, एकतीस जणांनी, नावं तुमच्याकडच्या वहीतच आहेत. त्यांच्यातला मोठा जरा हसला आणि लगेच गंभीर झाला. त्यांनी माझ्याच हाताने घोडीचे गॅस कटरने तुकडे करून घेतले आणि पोत्यात भरून नेले. पुठ्ठाही नेला. नंतर ते तांड्यात जाऊन थावरा नायकाशी बोलले. नायकाने सांगितलं की नारळाची शर्यत होती आणि नारळ अजून कोणाला मिळालेला नाही.

चौकशी चार महिने चालली. तेवढा काळ देविदासला भांडारात सामान मोजायला बसवलं. फोनवर तो सुनिताला हवापाणी विचारायचा, त्या विषयावर एक शब्द नाही. एकदा तिनेच विचारलं, पस्तावा होऊन राहिला का? तो म्हणाला, न्हाई, भांडारात पंखा आहे. शेवटी ताकीद देऊन त्याला सोडलं. कागदपत्रांत नोंद पडली, आणि त्याच्या बरोबरीचे दोघे हवालदार झाले तेव्हा तो नाईकच राहिला. ती फीत त्याला दोन वर्षं उशिरा मिळाली. याबद्दल मी एकदा तावातावाने बोललो तर तो म्हणाला की कायदा आहे, मी मोडला, त्याची सजा मला ठाऊक होती.

खिट्टी मात्र हलली. ती घोडीच्या उजव्या अंगाला, वरच्या बाजूला गेली आणि तिला आत दाबल्याशिवाय न फिरणारा खटका बसला.

नव्या घोडीची चाचणी पुढच्या वर्षी, पुन्हा त्याच वाळवंटात होती. डागणाऱ्यांच्या यादीत देविदासचं नाव नव्हतं. मॅडमनी लेखी मागणी केली की मला साडेपाच फुटांच्या आतला, आखूड हाताचा जवान पाहिजे, आणि तसा एक मला माहीत आहे. त्यावर बरीच पत्रं इकडून तिकडे गेली. चाचणीच्या तीन दिवस आधी त्याला निघायचा हुकूम आला.

भर दुपारची वेळ मुद्दाम निवडली होती, तापलेल्या वाळूतही जमतं का बघायला. तो नळी घेऊन पळाला, पडला, घोडी मांडली गेली. रणगाडा दिसला, धरला गेला. त्याने कळ दाबली आणि काहीच झालं नाही.

न सुटलेल्या क्षेपणास्त्रापाशी नियम कडक असतात. हलायचं नाही, नळीचं तोंड समोरच ठेवायचं, मागून हुकूम येईपर्यंत वाट बघायची. तापलेल्या वाळूवर तो आणि त्याचा सोबती अर्धा तास पालथे पडून होते. सोबती पुटपुटत होता की आता आपलं नाव कायमचं गेलं. देविदास सांगतो की त्या अर्ध्या तासात त्याने एकच काम केलं, डावं कोपर कुठे आहे ते बघत राहिला. ते खिट्टीच्या जवळपासही नव्हतं.

मग माणसं आली, नळी उतरवून नेली. आतल्या बॅटरीत दोष निघाला, घोडीशी त्याचा संबंध नव्हता. मेजरसाहेबांनी विचारलं की दुसरा गडी घालू का, तुझी पाठ भाजली आहे. देविदास म्हणाला, "साहेब, मला पुन्हा पहिल्यापासून पळू द्या. न पळता नुसतं पडून डागलं तर त्याला अर्थ न्हाई."

तो मागे गेला, दुसरी नळी घेतली आणि पुन्हा पळाला. या वेळी दम जास्त लागला, कारण अंगातलं पाणी गेलं होतं. डोळा दुर्बिणीला लागायला वेळ लागला. घड्याळात सहा सेकंद उरले असताना त्याने कळ दाबली. क्षेपणास्त्र वर उठलं, आणि तो ठरल्याप्रमाणे उठून पळाला, त्यामुळे ते लागताना त्याला दिसलं नाही. टेकाडाआड पडल्यावर आवाज आला. सोबती डोकं वर काढून बघत होता. तो म्हणाला, वरून, बराबर मधोमध.

तंबूत पेढे वाटले गेले. जे अधिकारी बैठकीत त्याला मध्येच थांबवून बोलले होते, त्यांनी येऊन हात मिळवला. चाचणीनंतर प्रत्येक जवानाने एक कागद भरायचा असतो, शेवटच्या रकान्यात काही सुधारणा असेल तर लिहायची. बहुतेक जण तिथे रेघ मारतात. देविदास कोपऱ्यात खुर्चीवर पुढे झुकून बसला, पाठ टेकवता येत नव्हती म्हणून, आणि लिहीत राहिला. दुर्बिणीच्या रबराला वाळू चिकटते. नळीचा पट्टा पळताना मानेकडे सरकतो. असे पाच मुद्दे झाले.

मॅडमनी कागद घेतला आणि पहिल्या ओळीवरच थांबल्या. रबराला वाळू वरच्या बाजूने चिकटते की खालच्या, त्यांनी विचारलं. देविदासने हातातला पेढा खुर्चीवर ठेवला आणि दाखवायला उठला.